अश्वशक्ती शेवटी मोजा

सिंहस्थ 2028 च्या तयारीमुळे उज्जैनजवळची दताना-मताना हवाई पट्टी पुन्हा चर्चेत आली आहे. पट्टीचा विमानतळ होणार, मोठी विमाने उतरणार, असे सांगितले जात आहे. शिकाऊ वैमानिकांची एकइंजिनी विमाने या पट्टीने आजवर पुष्कळ पाहिली. मोठ्या बेतात त्यांना जागा मिळेल तेव्हा मिळो. त्यांच्या मालकांपुढचा आणि क्लबांपुढचा प्रश्न मात्र थांबणारा नाही. इंजिनाचे तास भरत आले की तो समोर येतोच: आहे त्याचेच ओव्हरहॉल करायचे, की या निमित्ताने जास्त ताकदीचे इंजिन बसवायचे?

माळव्यात हा मोह उन्हाळ्यात होतो आणि त्याला कारण आहे. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात या उंचीवर 12 अंश सेल्सियसच्या आसपास तापमान धरतात. मे महिन्यात दुपारी पारा 42 वर गेला की फरक 30 अंशांचा होतो. दर अंशाला 120 फूट हा आपला नेहमीचा आडाखा लावला, तर घनता-उंची 5200 फुटांवर जाते. म्हणजे पट्टी माळव्यात, पण इंजिनाला मिळणारी हवा महाबळेश्वराच्याही वरची. सेसना 152 मधले 110 अश्वशक्तीचे लायकमिंग ओ-235 अशा हवेत पूर्ण थ्रॉटलवर जेमतेम 92 अश्वशक्ती देते. प्रोपेलरची ओढ घटते, पंखांची उचल घटते, धावपट्टी तेवढीच राहते. बारामती, धुळे, गोंदिया इथे शिकवणाऱ्यांनाही हे वेगळे सांगायला नको.

तरीही आमचे मत असे की अश्वशक्ती हा इंजिन बदलण्याच्या निर्णयातला शेवटचा आकडा असावा. इंजिन बदलण्याचे जे दाखले आपल्यासमोर आहेत, ते नीट पाहिले तर बदलाचे खरे कारण बहुतेक वेळा इंधन, सुटे भाग किंवा देखभाल हेच निघते.

पहिला दाखला घरचाच. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-2 हे प्रशिक्षण विमान घडवले. ऑगस्ट 1951 मध्ये पहिला नमुना उडाला तो जिप्सी मेजर इंजिनावर. पुढच्या वर्षी दुसऱ्या नमुन्यावर 155 अश्वशक्तीचे सिरस मेजर आले आणि विमान त्याच इंजिनावर तयार होत राहिले. पुढे काही एचटी-2 वर 160 अश्वशक्तीचे लायकमिंग एईआयओ-320 बसवण्यात आले. सरळ रांगेतले उलटे इंजिन काढून आडवे चार सिलिंडरचे बसवायचे म्हणजे माउंट, काउलिंग, प्रोपेलर, सगळेच नवे. पाच अश्वशक्तींसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही. सिरस मेजरचे उत्पादन कधीच थांबले होते, आणि 320 कुळातली इंजिने जगभर हजारोंनी उडत होती. सुटे भाग मिळतील, दुरुस्ती करणारे हात मिळतील, हीच त्या बदलाची कमाई होती.

दुसरा दाखला सेसनाचा. 150 मधले कॉन्टिनेंटल ओ-200 हे 80/87 ग्रेडच्या पेट्रोलसाठी बेतलेले. ते पेट्रोल बाजारातून जाऊ लागले आणि 100 एलएल उरले, ज्यात शिशाचे प्रमाण जुन्या ग्रेडच्या चौपटीपर्यंत असू शकते. स्पार्क प्लगवर शिसे साचू लागले. 152 मध्ये ओ-235 आले त्यामागे हे मोठे कारण होते. दहा अश्वशक्ती वाढली, ती वरकड.

तिसरा दाखला ताजा आहे. बंगळूरच्या एनएएलने हंसा-3 ला टर्बोचार्जर असलेले रोटॅक्स 914 दिले होते, ते उड्डाणाच्या वेळी 115 अश्वशक्ती देते. सप्टेंबर 2021 मध्ये उडालेल्या हंसा-एनजीवर रोटॅक्स 912 आयएससी स्पोर्ट आहे, 100 अश्वशक्तीचे. ताकद घटली आणि तरी विमान पुढच्या पिढीचे ठरले; कारण टर्बोचार्जर गेला आणि संगणकाने नियंत्रित होणारे इंधन-इंजेक्शन आले.

रोटॅक्सकडे वळणाऱ्यांनी मात्र इंधनाचा हिशेब आपल्या देशाचा करावा. हे इंजिन परदेशात मोटारीच्या पेट्रोलवर मजेत चालते, आणि स्वस्ताई म्हणून तेच पुढे केले जाते. पण रोटॅक्सला पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते, आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्के मिसळलेले पेट्रोल मिळते. मग उरते अॅव्हगॅस. त्यावर इंजिन चालते, पण शिशामुळे तेल आणि गिअरबॉक्सची देखभाल लवकर येते. माहितीपत्रकातला तासाचा खर्च इथे तसाच लागू होत नाही. समाधानाची बाब एवढीच की इंडियन ऑइलने सप्टेंबर 2022 मध्ये वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनणारे 100 एलएल बाजारात आणले. तोवर आपण सर्वस्वी आयातीवर होतो.

डिझेलचे आकर्षण याहून मोठे. जेट ए-1 सहज मिळते, शिशाचा प्रश्न नाही, उंचीवर टर्बो साथ देतो. पण इथेही एक जुना धडा आहे. जर्मनीतल्या थिएलर्ट कंपनीची डिझेल इंजिने अनेकांनी हौसेने बसवली. एप्रिल 2008 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हमीवर विसंबलेल्या मालकांना सुट्या भागांसाठी भरमसाट पैसे मोजावे लागले. 2013 मध्ये ती उत्पादने कॉन्टिनेंटलकडे गेली, तेव्हा कुठे घडी बसली. शिवाय या प्रकारच्या इंजिनांना तास भरले की ओव्हरहॉल नसते, पूर्ण इंजिनच बदलावे लागते. ती रक्कम पहिल्या दिवशीच हिशेबात धरायला हवी.

आता तास आणि वर्षे यांच्याविषयी. ओ-235 च्या 152 मधल्या प्रकाराला लायकमिंग 2400 तासांची मुदत देते आणि त्याच्या जोडीला 12 वर्षांची. वर्षाला 600 तास उडवणाऱ्या संस्थेचे 2400 तास चार वर्षांत संपतात. वर्षाला 60 तास उडणाऱ्या खासगी मालकाचे 12 वर्षांत 720 तासच होतात. दोघांचे इंजिन एकच, आजार मात्र वेगळे. संस्थेच्या इंजिनाला झीज खाते, मालकाच्या इंजिनाला गंज. लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभे राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते आणि पावसाळ्यातली दमट हवा तिथे पोहोचते. अशा वेळी हँगरबाहेर काढून दहा मिनिटे इंजिन फिरवण्याची आपल्याकडची पद्धत बाधकच ठरते. तेल पुरेसे तापत नाही, आणि ज्वलनातून आलेले पाणी आत राहून आम्ल तयार करते. तेल किमान 74 अंशांवर जाईल असे उड्डाण करा; ते जमत नसेल तर इंजिन रीतसर प्रिझर्व्ह करा. तेल 50 तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदला. कमी उडणाऱ्याने तर कॅलेंडरकडेच पाहावे.

मंजूर देखभाल कार्यक्रमातली मुदत पाळायचीच. पण ती गाठेपर्यंत इंजिन काय सांगते ते लिहून ठेवलेले असले पाहिजे. 80 पीएसआयवर घेतलेली कॉम्प्रेशन चाचणी, फिल्टर कापून पाहिलेला धातूचा चुरा, तासाला लागणारे तेल, बोअरस्कोपमधून दिसलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एकेका नोंदीला फारसा अर्थ नसतो; दोन वर्षांच्या नोंदी एका ओळीत मांडल्या की खराब होत चाललेला सिलिंडर आपोआप दिसतो. अनेक लॉगबुकांत या जागी नुसते ‘समाधानकारक’ लिहिलेले असते. आमच्या एएमई बंधुभगिनींना विनंती, की आकडा लिहा. ‘समाधानकारक’ या शेऱ्यावरून पुढच्या माणसाला काहीच ठरवता येत नाही.

एवढे पाहूनही ताकद हवीच असेल तर सोपी वाट आधी शोधावी. सेसना 172 आर आणि 172 एस यांत इंजिन एकच आहे, आयओ-360-एल2ए. पहिल्यात ते 2400 फेऱ्यांवर 160 अश्वशक्तीला अडवलेले, दुसऱ्यात 2700 फेऱ्यांवर 180 देणारे. निर्मात्याच्याच किटने, मुख्यतः प्रोपेलर बदलून, आर विमानाला एसची ताकद देता येते. सिलिंडर उघडावा लागत नाही. त्याउलट वेगळे इंजिन बसवायचे तर एसटीसी, त्याची डीजीसीएकडून मान्यता, नवे वजन-संतुलन, उड्डाणपुस्तिकेची पुरवणी, विमा कंपनीची संमती अशी रांग लागते, आणि इंजिन जड असेल तर नेता येणारे वजन घटते. एवढ्या खर्चाने मिळणारा लाभ मे महिन्यात सकाळी साडेसहाला उडून आणि टाकी अर्धी ठेवून फुकट मिळत नाही ना, हे एकदा कागदावर तपासून पाहावे.

दतानाच्या नियोजकांकडेही एक मागणी आहे. धावपट्टी लांब करताना छोट्या विमानांसाठी हँगर, अॅव्हगॅसची टाकी आणि इंजिन-दुरुस्तीचे वर्कशॉप एवढे आराखड्यात धरा. इंजिन खोक्यात घालून दूरच्या शहरी पाठवायचे आणि महिनोन्महिने वाट पाहायची, यात जातो तो पैसा अश्वशक्तीच्या किमतीपेक्षा कमी नसतो.

मालकांनी आणि क्लबांनी आपल्यापुरते एक ठरवावे. कोणते इंधन आपल्या पट्टीवर खात्रीने मिळते, सुटे भाग किती दिवसांत येतात, वर्षाला खरोखर किती तास उडतो, आणि आजच्या इंजिनाची दोन वर्षांची नोंद काय सांगते. या चार प्रश्नांची लेखी उत्तरे टेबलावर आल्याशिवाय नव्या इंजिनाचे कोटेशन मागवू नका.