पोतं बदलायचं ते कोंबडीकडे बघून

मैत्रिणींनो, सांदवाडीत चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या भगिनी भेटल्या की पहिला प्रश्न खाद्याचाच विचारतात. कोणतं द्यायचं, आणि एकाचं दुसरं करायचं तर केव्हा? दुकानदार एक सांगतो, सासूबाई दुसरं सांगतात आणि पोत्यावर तिसरंच छापलेलं असतं. आमच्या रामदासपेठेत बंगल्यांच्या जागी इमारती आल्या. सांदवाडी म्हणावी अशी जागा थोड्याच घरांना उरली. पण जिथे ती आहे तिथे घरच्या अंड्यांची हौस अजून आहे, आणि त्या हौसेत पैसा आणि पाखरं दोन्ही वाया जाताना मी पाहिली आहेत. मी शाळेत मराठी शिकवते, शास्त्र नव्हे. पण हा हिशेब काही फार अवघड नाही.

तयार खाद्य मुख्यतः तीन पायऱ्यांचं मिळतं. लहान पिल्लांचं, त्याला दुकानात चिक स्टार्टर म्हणतात. वाढत्या तलंगांचं ते ग्रोअर. आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीचं ते लेअर. पिल्लांच्या खाद्यात प्रथिनं शेकडा २० च्या आसपास असतात, कारण त्यांना दोन महिन्यांत अंगभर पिसं आणि हाडं उभी करायची असतात. तलंगांच्या खाद्यात ती १६ पर्यंत उतरतात, आणि लेअरमध्ये पुन्हा १६ ते १८. पण खरी गोम प्रथिनांत नाही, कॅल्शियममध्ये आहे. पहिल्या दोन्ही खाद्यांत कॅल्शियम शेकडा १ च्या आसपास असतं. लेअरमध्ये ३ ते ४. म्हणजे तिप्पट-चौपट! एवढं एक लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. ते कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं. खाण्यातून पुरलं नाही, तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. बाळंतिणीची हाडं झिजतात असं आपण म्हणतो ना, त्यातलाच प्रकार. आधी कवच पातळ येतं, मग नुसत्या पापुद्र्याचं अंडं पडतं, आणि शेवटी कोंबडी पाय ओढत कोपऱ्यात बसून राहते. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला ग्रोअरवर किंवा नुसत्या कनकीवर ठेवण्यात काटकसर नाही.

उलट चूकही तेवढीच महाग पडते. आमच्या ओळखीच्या एका वहिनींना कोणीतरी सांगितलं की, पिल्लांना वेगळं पोतं कशाला, मोठ्यांचंच द्या, ते जोरदार असतं. सहा आठवड्यांची आठ पिल्लं होती. एकेक मलूल होऊन मरायला लागलं. वहिनींनी शेजारच्या घरावर संशय घेतला, उंदराचं औषध टाकलं म्हणून. दोन्ही घरांचा अबोला झाला. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू उघडून दाखवलं. आतड्यांवर, काळजावर, मूत्रपिंडांवर पांढरा चुना फासल्यासारखा थर! जास्तीचं कॅल्शियम कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. मग बाहेर पडायचं युरिक आम्ल आतच साठत जातं. पिल्लं गेली ती गेलीच, शेजारणीशी बोलणं सुरू व्हायलाही दिवाळी उजाडली.

तेव्हा मेलेलं पाखरू मुकाट्याने पुरून टाकू नका. नागपूरकरांना तर सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे नेऊन विचारा. एका पाखराच्या तपासणीवर बाकीची वाचू शकतात.

आता बदलायचं कधी? पोत्यावर आठवडे छापलेले असतात: आठ आठवड्यांपर्यंत हे, अठरा-वीसपर्यंत ते, पुढे तिसरं. पण बायांनो, हे आठवडे फार्मवरच्या पांढऱ्या कोंबडीचे आहेत. ती अठरा ते वीस आठवड्यांत अंड्यावर येते. आपल्या सांदवाडीत असतात गावरान, नाहीतर वनराज, गिरिराज अशा जातींच्या. त्या सहाव्या महिन्याच्या मागेपुढे येतात, गावरान तर कधी त्याहूनही उशिरा. कॅलेंडर बघून वीस आठवड्यांना लेअर सुरू केलं, तर कित्येक आठवडे नको ते कॅल्शियम त्यांच्या पोटात जातं. कोंबडी स्वतःच सांगते. तुरा भरून लालबुंद होतो. पाठीवर हात ठेवला की पंख सैल सोडून ती खाली दबते. कोपऱ्याकोपऱ्यांत उकरून जागा शोधायला लागते. हे दिसलं की लेअर आणा. पहिलं अंडं पडेपर्यंत थांबलात तरी आकाश कोसळत नाही, लगेच सुरू करा म्हणजे झालं. स्टार्टरवरून ग्रोअरवर येताना मात्र आठ आठवड्यांचा हिशेब चालतो.

बदल एका दिवसात करू नये. पहिले दोन-तीन दिवस तीन वाट्या जुनं, एक वाटी नवं, मग दोन-दोन, मग एक जुनं, तीन नवं. आठवडा-दहा दिवसांत काम होतं. विष्ठा पातळ झाली तर आहे त्या प्रमाणावर दोन दिवस थांबा, पुढे रेटू नका. आणखी एक सांगते. कोंबडी चवीपेक्षा डोळ्यांनी जेवते. भुकटीवर वाढलेल्या कोंबडीपुढे एकदम गोळ्या टाकल्या, तर ती शहाणी त्याला अन्न मानायलाच तयार होत नाही, पठ्ठी उपाशी राहते. त्यामुळे खाद्याचा प्रकार आणि त्याचं रूप एकाच वेळी बदलू नका. भुकटीत मक्याचे तुकडे वेचून बाकी टाकून देण्याची खोड असते, तिला उपाय एकच: भांडं तळापर्यंत रिकामं झाल्याशिवाय नवं घालू नका.

आता खरी अडचण. घरी सगळ्या वयाची पाखरं एकाच अंगणात असतात! दोन अंड्यावरच्या, तीन तलंगा, एक कोंबडा. तीन भांडी ठेवाल, तर सगळे तिन्ही भांडी खातील. अशा वेळी सर्वांना ग्रोअर द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, कायमचा ठेवा. जिला अंडं घालायचं आहे ती तो आपणहून टिपते, बाकीच्या फारशा फिरकत नाहीत. कोंबड्यालाही हेच बरं; त्याला कवच थोडंच करायचं आहे! घरच्या अंड्यांची टरफलंही चालतात, पण वाळवून, तव्यावर भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी बारीक कुटून. नाहीतर कोंबड्यांना स्वतःची अंडी फोडून खायची चटक लागते. पिल्लं मात्र आईसकट डालग्याखाली, नाहीतर जाळीत वेगळी ठेवा. पिल्लांची आई त्या दिवसांत अंडी देत नाही, तेव्हा तिने त्यांच्याबरोबर स्टार्टर खाल्लं तर काही बिघडत नाही.

पोत्याची चिठ्ठी वाचायची सवय ठेवा. पिल्लांच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं. पिल्लांना ते ठीक, पण उरलेलं पोतं संपवायचं म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला घालू नका. औषध अंड्यातून आपल्या मुलांच्या ताटात येतं. ब्रॉयलरच्या खाद्याबद्दलही मी नाहीच म्हणेन. ते पाखरू भराभर वजनाने वाढवण्यासाठी असतं. अंड्याची कोंबडी त्याने लठ्ठ होते आणि कवचाला लागणारं त्यात नसतं.

एक हिशेब करू या. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते. पाच कोंबड्यांना रोज पाऊण किलोसुद्धा लागत नाही. म्हणजे ५० किलोचं पोतं तीन महिने पुरतं. स्वस्त पडतं म्हणून जूनमध्ये आणलं, तर ते अख्खा पावसाळा घरात राहणार! दमट खाद्याला बुरशी लागते आणि काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. हे विष ओळखू आलं तेच पाखरांमुळे: १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, आणि शोध घेता घेता लोक त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचले. आपल्याकडे १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. असं धान्य उन्हात घालून किंवा शिजवून निर्धोक होत नाही. वास कुबट आला, गठ्ठे झाले, की सरळ फेका; कोंबडीला चालेल असं म्हणू नका. पावसाळ्यात महिन्याभराचंच आणा. सुटं घ्याल तर मूळ पोत्यावरची तारीख बघूनच घ्या. घरी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर, झाकणाच्या डब्यात ठेवा.

घरचं धान्य द्यावं का? २०२१ साली सोयाबीनच्या पेंडीचे भाव इतके चढले की केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये १२ लाख टन पेंड परदेशातून आणायला परवानगी दिली होती. त्या वर्षी माझ्या ओळखीच्या दोघी-तिघींनी पोतं बंद करून शेतावरून आलेलं धान्य सुरू केलं. ज्वारी चांगलीच, मक्याऐवजी चालते. फक्त बलक फिका येतो, कारण त्याचा पिवळा रंग पिवळ्या मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून येतो. पालक, शेवग्याचा पाला टाकला की रंग परत येतो. कनकीही चालते. पण नुसत्या धान्यात ना पुरेशी प्रथिनं, ना कॅल्शियम. मुख्य जेवण पोत्यातलं आणि संध्याकाळी मूठभर धान्य, असं ठेवा. सोयाबीन शेतावरून आलं म्हणून कच्चं घालू नका. कच्च्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, चांगलं भाजावं लागतं. आणि आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे घरोघरी मिळणारी सरकीची ढेप? ती गाई-म्हशींची. कोंबडीला दिलीत तर अंडी ठेवल्यावर बलक हिरवट पडतो आणि घरात कोणी ते अंडं तोंडाला लावत नाही. जवसाची ढेपही पिल्लांना मानवत नाही. दिवाळीचा उरलेला चिवडा, पापडाचा चुरा, लोणच्याचा खार कोंबड्यांपुढे ओतायची पद्धत तेवढी सोडा. मीठ त्यांना, त्यातही पिल्लांना, फार लवकर बाधतं.

अंडी थांबली की आपण आधी खाद्यावर खापर फोडतो आणि पोतं बदलतो. थांबा जरा. डिसेंबरात दिवस अकरा तासांचाही नसतो. कोंबडीला जोमाने अंडी द्यायला चौदा तासांच्या पुढे उजेड लागतो. पिसं गळायच्या दिवसांतही ती अंडी बंद करते, खुडूक बसली तरी करते. अशा वेळी पोतं बदलून काही साधत नाही, उलट आधीच दमलेल्या पोटाला आणखी त्रास.

तसाच उन्हाळा. मे महिन्यात आपल्या नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, कोंबडी चोच उघडून धापा टाकते आणि खाणंच कमी करते. धापा टाकण्यानेही कवच पातळ होतं, बरं का. खाद्य चांगलं असलं तरी. त्या दिवसांत खाद्य उजाडताच आणि ऊन उतरल्यावर द्या, दुपारी नको. ओलं कालवलेलं खाद्य तासा-दोन तासांत आंबतं, उरलेलं लगेच उचला. पाणी एरवी खाद्याच्या दुप्पट लागतं, तेव्हा त्याहून कितीतरी जास्त लागेल. मातीच्या पसरट भांड्यात, सावलीला, दिवसातून तीनदा बदलून ठेवा. आणि नवं खाद्य सुरू करायचं असेल, तर तेवढे दिवस थांबा. नवतपा उलटून पहिला चांगला पाऊस पडला, कोंबड्या पुन्हा भांड्यावर तुटून पडायला लागल्या, की पहिली एक वाटी मिसळा.