आखाती बिऱ्हाड आणि महाडचे घर

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांना स्थलांतर नवे नाही. डोंगरातील वाड्यांमधला तरुण मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत गेला. सावित्रीच्या खाडीकाठच्या कोकणी मुस्लिम कुटुंबांतील तरुण आधी जहाजांवर आणि १९७०च्या दशकातील तेलाच्या भाववाढीनंतर आखाती देशांत गेला. कमावता दूर आणि घर गावी, म्हणूनच 'मनीऑर्डरवर चालणारे कोकण' ही ओळख पडली. पुढे पगार वाढला तसे काहींनी पत्नी-मुलांनाही कुवेत, सौदी अरेबिया वा दुबईत नेले. कुटुंब एकत्र नांदू लागले. आज मात्र हेच चक्र अनेक घरांत उलटे फिरताना दिसते.

आखातातील या कुटुंबांचे दैनंदिन जीवन वरवर स्थिर वाटते. भाड्याच्या दोन खोल्या, मुलांसाठी सीबीएसईची शाळा, शुक्रवारची सुट्टी, घरात कोकणी बोली आणि ताटात तांदळाची भाकरी व माशांचे कालवण. परंतु या संसाराचा पाया 'इकामा' म्हणजे निवास परवाना हाच असतो. वीस-पंचवीस वर्षे राहूनही नागरिकत्वाची आशा जवळजवळ नसते. नोकरी गेली की कमावत्याबरोबर घरच्यांचा परवानाही जातो, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर राहते.

कुटुंब सोबत ठेवता येईल की नाही, हे पगाराचा आकडा ठरवतो. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये त्यासाठी चार हजार दिरहॅम, किंवा निवासाची सोय असल्यास तीन हजार दिरहॅम वेतनाची अट ठेवली. कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये कौटुंबिक व्हिसा पुन्हा सुरू करताना ही मर्यादा ८०० दिनारांवर नेली. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून प्रत्येक अवलंबितामागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले आणि ते दरवर्षी वाढवत २०२० मध्ये ४०० रियालांवर नेले. पत्नी व दोन मुले धरली, तर वर्षाला १४,४०० रियाल, म्हणजे सव्वातीन लाख रुपयांहून अधिक रक्कम केवळ सोबत राहण्यासाठी मोजावी लागते. वाहनचालक, दुकानातील विक्रेता किंवा तंत्रज्ञ यांना हा हिशेब पेलणे कठीण आहे. परिणामी पत्नी-मुले गावी परततात आणि कमावता पुन्हा सामायिक खोलीतील खाटेवर येतो.

परतणाऱ्यांसाठी गावही परके झालेले असते. राज्याच्या २०२०च्या कायद्यानुसार सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. ज्या मुलाची मराठीशी ओळख घरातल्या बोलीपुरती आहे, त्याला वरच्या इयत्तेत अचानक प्रमाण मराठीचे पाठ्यपुस्तक हाती घ्यावे लागते. आईवर शाळा, बँक, वृद्ध सासू-सासरे अशी सारी जबाबदारी येते. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले, तेव्हा अशा घरांतील कर्ता पुरुष हजारो किलोमीटर दूर फोनकडे डोळे लावून बसला होता. आखातातील पगारातून बांधलेले घर पाण्यात होते आणि सामान वरच्या मजल्यावर न्यायला घरात स्त्रिया, मुले व म्हातारी माणसेच होती.

रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात आलेल्या पैशांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आले; केरळचा वाटा १९.७ टक्के होता. रकमेत महाराष्ट्र पुढे असला, तरी परतणाऱ्यांकडे लक्ष देण्यात केरळ केव्हाच पुढे गेला आहे. तेथे अनिवासी केरळवासीयांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि पुढे २००८च्या कायद्याने कल्याण निधी व निवृत्तिवेतनाची तरतूद झाली.

महाड-पोलादपूरच्या गरजा तुलनेने लहान आहेत. मध्येच परतणाऱ्या मुलांसाठी मराठीचा एक वर्षाचा पूरक वर्ग, शाळा-प्रवेशात कागदपत्रांची सवलत आणि तहसील पातळीवर व्हिसा-नियमांची विश्वासार्ह माहिती एवढे झाले तरी अनेक घरांचा भार हलका होईल. परदेशातून येणाऱ्या पैशाची मोजणी होते; त्या पैशासाठी दुभंगलेल्या संसारांचीही दखल घेतली जायला हवी.