विंचवाचे बिऱ्हाड आणि रियाल्टोच्या पायऱ्या

जुलै २०१९ मध्ये व्हेनिस शहरात घडलेली एक घटना जगभरच्या वृत्तपत्रांनी गमतीची बातमी म्हणून छापली. बर्लिनहून पाठीवर सॅक टाकून निघालेले दोन जर्मन प्रवासी रियाल्टोच्या प्रसिद्ध पुलाच्या पायऱ्यांशी बसले आणि त्यांनी जवळचा छोटा स्टोव्ह पेटवून त्यावर कॉफी ठेवली. कोणीतरी पोलिसांना कळवले. पोलिसांनी दोघांना मिळून ९५० युरो दंड केला आणि शहर सोडण्यास फर्मावले. त्या वेळच्या भावाने ही रक्कम सत्तर हजार रुपयांच्या पुढे जाते.

शेकडो वर्षांच्या दगडी पुलापाशी, माणसांच्या गर्दीत स्टोव्ह पेटवणे शहाणपणाचे नव्हे, हे मान्यच केले पाहिजे. कोणत्याही नगरपालिकेला त्याला मज्जाव करावा लागेल. परंतु ताकीद देऊन स्टोव्ह विझवायला लावणे वेगळे आणि एखाद्याच्या महिनाभराच्या प्रवासखर्चाइतका दंड वसूल करून त्याला वेशीबाहेर काढणे वेगळे. शिक्षा गुन्ह्याला झाली की गुन्हेगाराच्या ऐपतीला, असा प्रश्न येथे उभा राहतो.

थोड्या पैशांत महागड्या शहरात उतरलेल्या माणसाची फजिती ही हास्यरसाची जुनी सामग्री आहे. व्हेनिसमध्ये तर ती पावलोपावली होते. पहिली फजिती पत्त्याची. या शहरात घरांना क्रमांक रस्त्यांप्रमाणे नसून पेठांप्रमाणे आहेत. पेठा सहा. त्यांतल्या एका पेठेतले क्रमांक सहा हजारांच्याही पुढे जातात. ‘कास्तेल्लो, अमुक हजार अमुक’ एवढाच पत्ता कागदावर लिहून आणलेला प्रवासी एकाच विहिरीपाशी तिसऱ्यांदा येऊन पोहोचतो आणि मग कोणा आजीबाईला दया येते. शहरात चारशेहून अधिक पूल असून बहुतेकांना पायऱ्या आहेत. चाकांची बॅग फरफटत नेणारा श्रीमंत पाहुणा तेथे घामाघूम होतो. पाठीवर बिऱ्हाड घेतलेला विंचू मात्र सुखाने चढतो-उतरतो. या शहराने गरीब प्रवाशाला दिलेली ही बहुधा एकमेव सवलत.

ती सवलत जलबसच्या धक्क्यावर संपते. पंचाहत्तर मिनिटांच्या एका तिकिटाला साडेनऊ युरो पडतात. शहराचे ओळखपत्र बाळगणाऱ्या नागरिकाला तेच तिकीट दीड युरोला मिळते, आणि ते योग्यच आहे; ज्याला रोज कामावर जायचे आहे त्याच्याकडून पाहुण्याचा दर कोणी घेऊ नये. पण तिकीट काढूनही ते यंत्राला टेकवायचे राहिले, तर तपासनीस दंड करतो. नावेत चढल्यावर सॅक पाठीवर ठेवली, तर मागच्या माणसाच्या छातीवर ती आदळते आणि ती उतरवून हातात घ्या म्हणून सांगावे लागते. सार्वजनिक स्वच्छतागृहात जायला दीड युरो. म्हणजे नागरिकाचा नावेचा प्रवास आणि परक्याची नैसर्गिक गरज यांचा दर एकच! उपाहारगृहात काउंटरपाशी उभ्याने घेतलेल्या कॉफीला एक भाव, खुर्चीवर बसून घेतलेल्या कॉफीला दुसरा आणि सान मार्कोच्या चौकात वाद्यवृंद वाजत असताना घेतलेल्या कॉफीला संगीताचा आकार निराळा. पावाची टोपली टेबलावर आली म्हणजे ती आतिथ्याने आली असे समजू नये; तिचा हिशेब बिलात ‘कोपेर्तो’ या नावाखाली सापडतो. जानेवारी २०१८ मध्ये चार जपानी विद्यार्थ्यांच्या हाती एका जेवणाचे अकराशे युरोंहून अधिक बिल पडले, तेव्हा खुद्द महापौरांना चौकशीचे आश्वासन द्यावे लागले होते.

खुर्चीचे भाडे परवडत नाही म्हणून पायरीवर बसावे, तर सान मार्को चौकाच्या पायऱ्यांवर आणि कमानींखाली बसण्यास बंदी. शिदोरी सोडून खाण्यास बंदी. दंड दोनशे युरोंपर्यंत. बाके थोडी. म्हणजे माणसाने चालत राहावे किंवा पैसे मोजून टेकावे. नगरपालिकेच्या भाषेत याला शहराची ‘शोभा’ राखणे म्हणतात. शोभेची व्याख्या करणाऱ्यांना घरून आणलेली भाकरी खाणारा माणूस अशोभनीय का वाटावा, हे विचारण्याजोगे आहे.

सर्वच दारे बंद आहेत असे मात्र नाही. शहरात शंभराहून अधिक सार्वजनिक नळ आजही वाहते आहेत, त्यांचे पाणी उत्तम आहे, आणि बाटली विकत घेणारा प्रवासी केवळ अज्ञानाने ती घेतो. गोंडोल्यातून अर्धा तास फिरण्याचा अधिकृत दर नोव्हेंबर २०२३ पासून दिवसा ९० युरो झाला. पण मोठा कालवा ओलांडण्यासाठी काही ठिकाणी ‘त्रागेत्तो’ नावाची साधी होडी चालते आणि तिला परक्या माणसाकडून दोनच युरो घेतात. बाजारहाट करून निघालेल्या गृहिणींच्या शेजारी तोल सांभाळीत उभे राहून दोन-तीन मिनिटांत पैलतीर गाठता येतो. गावाची खरी ओळख अशाच ठिकाणी होते. परंतु या होड्याही कमी होत चालल्या आहेत.

आता दुसरी बाजू. पुरोगामी वर्तुळांत एक मत अलीकडे ऐकू येते की, पर्यटकांची ही झुंडच शहरे गिळत आहे, तेव्हा त्यांची फजिती झाली तर बिघडले कुठे? या मताची थट्टा करून चालणार नाही. त्यामागे खरी वेदना आहे. व्हेनिसच्या ऐतिहासिक बेटांवर १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. रियाल्टोजवळच्या एका औषधांच्या दुकानाने २००८ पासून आपल्या काचेमागे रहिवाशांच्या संख्येचा फलक लावला आहे. आकडा उतरत जातो आणि औषध घ्यायला आलेले म्हातारे तो वाचतात. पुढे एका पुस्तकांच्या दुकानाने पर्यटकांसाठी असलेल्या खाटांचा आकडा तसाच मांडला. नागरिकांच्या गटांच्या मोजणीप्रमाणे सप्टेंबर २०२३ मध्ये खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. ज्या गावात झोपायला येणारे राहणाऱ्यांहून अधिक, त्या गावात शाळा कोणासाठी चालणार आणि चांभाराचे दुकान कोणाच्या आधारावर टिकणार?

पण या खाटा सॅकवाल्याने मांडलेल्या नाहीत. घरमालकाला वर्षाच्या भाडेकरूपेक्षा तीन रात्रींचा पाहुणा जास्त पैसे देतो, एवढे साधे त्यामागचे गणित आहे. मोठे भांडवल या गणितात शिरले की एका माणसाच्या नावावर अनेक घरे जमा होतात आणि त्यांतल्या स्वयंपाकघरांत कोणी फोडणी देत नाही. या भाड्यांना मर्यादा घालण्याचा अधिकार इटलीच्या संसदेने २०२२ मध्ये खास व्हेनिससाठी कायद्यात घातला. इलाज कोठे आहे हे राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते, असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही.

तरीही गाजावाजा झाला तो दुसऱ्याच इलाजाचा. २५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने शहरप्रवेशाची पट्टी सुरू केली. पहिल्या वर्षी २९ दिवस, दुसऱ्या वर्षी ५४ दिवस, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, एका दिवसापुरत्या येणाऱ्या परक्याने पाच युरो भरावेत. शहरात मुक्काम करणाऱ्याला ही पट्टी नाही, कारण तो मुक्कामाचा कर वेगळा देतो. नियम दिसायला समतोल आहे. पण त्याचा काटा कोणाला टोचतो ते पाहावे. ज्याला व्हेनिसची खाट परवडत नाही तो पादुआसारख्या शेजारच्या गावात उतरतो आणि सकाळच्या आगगाडीने येतो; पट्टी त्याला. ज्याला महालातली खोली परवडते, त्याला ती माफ. २०२५ मध्ये आणखी एक सुधारणा झाली. अगोदर नोंदणी न करता ऐनवेळी येणाऱ्याला पाचाऐवजी दहा युरो! आता ज्याचा बेत मालगाडीच्या वेळापत्रकासारखा रोज बदलतो, आज पाऊस आहे म्हणून उद्या निघू असे जो म्हणतो, तो भटक्या नेमका या दुप्पट दरात सापडतो. दोन्ही वर्षी पट्टीचे पैसे जमा झाले. पाच युरोंमुळे कोणी घरी बसला असेल, तर तो ज्याला पाच युरो जड होते तोच असणार.

त्याच २०२५ च्या जूनअखेरीस ‘अमेझॉन’चे संस्थापक जेफ बेझोस यांचा विवाहसोहळा व्हेनिसमध्ये तीन दिवस चालला. महापौरांनी त्याचे स्वागत केले. शहरातले तरुण मात्र रस्त्यावर उतरले. सान जोर्जो माज्जोरेच्या घंटाघरावरून निषेधाचा फलक सोडण्यात आला. लग्नासाठी व्हेनिस भाड्याने घेऊ शकणाऱ्याने करही अधिक भरावा, अशा अर्थाचा एक प्रचंड कापडी फलक सान मार्कोच्या चौकात अंथरला गेला. हवा भरलेल्या रबरी मगरी घेऊन कालव्यात उतरू, अशी धमकी आंदोलकांनी दिली. सोहळ्याचा मुख्य कार्यक्रम ठरल्या जागेवरून आर्सेनालेमध्ये हलवण्यात आला आणि आंदोलकांनी तो आपला विजय मानला. आर्सेनाले म्हणजे जेथे एकेकाळी हजारो कारागीर प्रजासत्ताकाची गलबते बांधीत ती जुनी गोदी. व्हेनिसच्या नागरिकाचा राग पाठीवर सॅक घेतलेल्यावर ओढवून घेणे किती सोयीचे आहे आणि कोणाला सोयीचे आहे, हे त्या आठवड्यात उघड झाले.

समाजवादी चळवळीने हा विषय कधी किरकोळ मानला नव्हता, याची आठवण ठेवली पाहिजे. १८९५ मध्ये व्हिएन्नात गेऑर्ग श्मीडल हा शिक्षक, आलोइस रोहराउअर हा लोहार आणि कार्ल रेनर हा विद्यार्थी (पुढे हाच ऑस्ट्रियाचा अध्यक्ष झाला) यांनी कामगारांसाठी ‘निसर्गमित्र’ ही संघटना उभी केली. डोंगर आणि जंगले सरदार-जमीनदारांची शिकारीची राने होती. तेथे गिरणीतल्या माणसाने रविवारी पाय ठेवावा, हीच मागणी राजकीय होती. या संघटनेने ठिकठिकाणी स्वस्त निवारे बांधले. नाझींनी सत्तेवर येताच तिच्यावर बंदी घातली, कारण कामगारांच्या वनभोजनातला धोका त्यांना बरोबर कळला होता. फ्रान्समध्ये १९३६ साली लेऑं ब्लुम यांच्या सरकारने प्रत्येक कामगाराला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. पण रजा दिली तरी जाणार कोठे आणि कसे? म्हणून लेओ लाग्रांज यांनी आगगाडीच्या भाड्यात ४० टक्के सवलतीचे तिकीट मिळवून दिले. त्या उन्हाळ्यात लाखो माणसांनी समुद्र प्रथम पाहिला. किनाऱ्यावरच्या बंगलेवाल्यांनी तेव्हाही नाके मुरडली होतीच. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चोविसावे कलम विश्रांतीचा आणि भरपगारी सुटीचा हक्क सांगते, ते या लढ्यांचेच फळ.

युवक वसतिगृहांची कल्पनाही एका जर्मन शाळामास्तराची. रिखार्ड शिरमान याने पावसात अडकलेल्या मुलांना रात्रीपुरते छप्पर मिळेना हे पाहून ती मांडली आणि १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात तिला कायमचे रूप दिले. व्हेनिसच्या ज्युदेक्का बेटावर धान्याच्या जुन्या कोठारात असे एक वसतिगृह होते. आज ती वास्तू एका व्यापारी साखळीकडे असून खाटेचा भाव मागणीप्रमाणे वरखाली होतो. निवाऱ्याचा असा वायदेबाजार झाला म्हणजे गरीब प्रवाशाने काय करावे? १९६२ मध्ये सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीहून अण्वस्त्रांविरुद्ध पदयात्रेला निघाले, तेव्हा विनोबांनी त्यांना बरोबर पैसे घेऊ नका असे सांगितले होते. पैसे नसले म्हणजे माणसाला माणसाचे दार ठोठवावेच लागते, हे विनोबांचे गणित. ते दोघे मॉस्को, पॅरिस, लंडन करीत वॉशिंग्टनपर्यंत पोहोचले. त्या गणिताला दार उघडणारे घर लागते. कुलपाच्या पेटीत किल्ली ठेवून गेलेल्या मालकाचे दार कोण उघडणार?

व्हेनिसमध्ये खाट न परवडणारा प्रवासी बहुधा पुलापलीकडच्या मेस्त्रे या उपनगरात उतरतो. आगगाडीने दहा मिनिटे. तेथे त्याला एक वेगळेच व्हेनिस भेटते. स्टेशनाच्या आसपास बंगाली पाट्या, हिलसा विकणारी दुकाने, रात्री उशिरा उघडी असलेली भाताची खानावळ. हॉटेलांतली भांडी घासणारे, चादरी बदलणारे आणि बेटावरच्या स्वयंपाकघरांत राबणारे अनेक बांगलादेशी कामगार या वस्तीत राहतात. त्यांच्यापैकी पुष्कळजण शेजारच्या मार्गेरा येथील गोदीत जोडारी आणि रंगारी आहेत. त्या गोदीत प्रचंड प्रवासी जहाजे बांधली जातात. अशा मोठ्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून सान मार्कोसमोरच्या पाण्यात येण्यास बंदी झाली, ती शहर वाचवण्यासाठी, आणि ती रास्तच होती. जहाजे बांधणाऱ्यांनी राहायचे कोठे, हा प्रश्न मात्र त्या वेळी कोणी विचारला नाही. सकाळच्या पहिल्या बसमध्ये हे कामगार आणि पाठीवर बिऱ्हाड घेतलेला तो प्रवासी शेजारी शेजारी उभे असतात. दोघांनाही बेटावर दिवसभर उभेच राहायचे असते, आणि दोघांनाही रात्री पूल ओलांडून परत यायचे असते.