आधी पट्टा, मग कार्बन



उन्हाळ्यात आपल्या ब्रह्मपुरी भागातल्या एका गावात पांढरी गाडी आली. दोन साहेब, एक मॅडम, सोबत लॅपटॉप. तुमचं जंगल राखायचं, वाघ-रानगवे जगवायचे, आणि त्याचे पैसे गावाले द्यायचे, असं बोलणं झालं. पैसे कोण देणार? बाहेरची कंपनी. कशाचे? झाडानं हवेतून ओढलेल्या कार्बनचे. एका आजीनं विचारलं, "बापा, मंग मी सरपण कोठून आणू?" साहेब म्हणाले, ते पुढच्या मिटिंगला बोलू. कागद मात्र त्याच मिटिंगला काढला. इंग्रजीत, 40 वर्षांचा. त्यावर वनहक्क समितीच्या अध्यक्षाची सही अन् शिक्का पाहिजे होता.

सही झाली नाही. कारण शिक्का सचिवाच्या घरी होता आणि सचिव लग्नाला गेला होता. ही आपली हुशारी नव्हे, नशीब आहे. दुसऱ्या गावात सचिव घरीच असेल, म्हणून हे लिहितो आहोत.

कार्बन क्रेडिट म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. कोळसा, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यानं पृथ्वी तापते. झाड तोच वायू घेऊन आपल्या खोडात, मुळात साठवते. असा 1 टन वायू हवेत जाण्यापासून वाचवला किंवा साठवला, तर त्याची एक पावती निघते. ती पावती म्हणजे एक क्रेडिट. धूर सोडणारी कंपनी ती विकत घेते आणि सांगते, आमचा तेवढा धूर फिटला. आपल्याच जिल्ह्यात ऊर्जानगरचं वीज केंद्र आहे, 2920 मेगावॅटचं. त्याची राख कोणाच्या वावरात पडते ते चंद्रपूरकडच्या लोकाईले विचारा. क्रेडिटच्या वहीत धूर फिटतो, पण ज्या गावावर पडतो त्या गावाचा फिटत नाही.

आता यातली मेख. क्रेडिट फक्त "वाढीव" कार्बनाचं मिळते. म्हणजे प्रकल्प आला नसता तर हे जंगल तुटलंच असतं, हे दाखवावं लागते. जे गाव बापजाद्यापासून जंगल राखून बसलं, ते म्हणणार आमचं जंगल तुटणारच नव्हतं, तर त्याच्या हाती क्रेडिट कमी येणार किंवा येणारच नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला, सुमारे 1800 हेक्टरचा. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 साली मिळाला. पाचगावनं तर तेंदू तोडणंच थांबवलं, कारण त्यासाठी झाडं छाटतात, जंगलाला आग लावतात. गाव बांबूवर कमावते. या गावांनी जंगल राखलं ते कोणाच्या पावतीसाठी नाही. मग हिशोब जुळवायला कंपनी काय करते? गावकरी जंगल तोडतात असं कागदावर लिहिते. मोह वेचणारी बाई, ढोरं चारणारा पोरगा, सरपणाची मोळी, हे सारे तिथं "धोका" म्हणून येतात. आजीच्या प्रश्नाचं उत्तर साहेबानं पुढं ढकललं ते उगाच नाही.

या हिशोबावर बाहेरही बोंब झाली आहे. 2023 च्या जानेवारीत इंग्लंडच्या 'गार्डियन' पेपरनं छापलं, की वेरा या मोठ्या संस्थेनं मान्य केलेली जंगलाची बहुतेक क्रेडिटं पोकळ आहेत. वेरानं ते नाकारलं. ते भांडण त्यांचं. पण पावती खोटी निघाली तर जंगलात राहणारा माणूस आधी बदनाम होणार, हे आपण ध्यानात ठेवू.

आमच्या संघटनेतही यावर दोन मतं आहेत. काही साथी म्हणतात, आलेला पैसा सोडायचा कशाला? वणव्याची जाळरेषा मारायला, राखणदाराला मजुरी द्यायला ग्रामसभेकडे पैसे नाहीत, हे खरं आहे. मेघालयात खासी लोकांच्या दहा हिमांनी मिळून असा प्रकल्प चालवला आहे. पैसा लोकांच्या संस्थेकडे येतो, त्यातून जंगल परत उभं करतात. पण फरक पाहा. तिथं जंगल पहिलेपासून गावाचं, कुळाचं आहे. आपल्याकडे किती गावांचे दावे उपविभागीय समितीत पडून आहेत! पट्टा नसताना करार केला तर उद्या वनखातं म्हणेल, जंगल आमचं, कार्बनही आमचा, तुम्ही फक्त मजूर.

2006 च्या वनहक्क कायद्यात कार्बनाचा शब्द नाही. पण कलम 3(1)(झ) नुसार सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण अन् व्यवस्थापन करायचा हक्क आपला आहे. कलम 5 नुसार वन्यजीव राखायचा अधिकारही ग्रामसभेचा आहे. आणि कलम 4(4) सांगते, हा हक्क वारशानं जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तर 40 वर्षांचा करार म्हणजे हक्क दुसऱ्याच्या हाती देणं नव्हे काय? हे वकिलाले विचारल्याशिवाय शिक्का मारायचा नाही.

वाघाचं राहिलं. प्रकल्पाच्या कागदावर वाघाचा फोटो असला की भाव चढतो. आपल्या इकडचा वाघ काही ताडोब्याच्या गेटच्या आतच राहत नाही, धानाच्या बांधीत येऊन बसतो. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाहीकडे तेंदूपत्ता तोडताना तीन बाया एकाच दिवशी गेल्या. वाघ राखायची किंमत आपण पहिलेच देऊन बसलो आहोत, आणि कागदात त्याचा रकाना नाही. कोणी करार घेऊन आला तर त्याला विचारा, तेंदूच्या दिवसात सोबत राखणदार देणार काय? ढोर मारलं तर पंचनाम्याची वाट न पाहता पैसे देणार काय?

दुसरीकडे तेच सरकार पाहा. 2025 सालीच एटापल्लीकडे लोहखनिजाच्या कारखान्यासाठी 900 हेक्टरहून जास्त जंगल वळतं करायला केंद्रानं तत्त्वतः मंजुरी दिली. तिथं लाखावर झाडं जाणार. तिकडे लाख झाडं तोडायची परवानगी, आणि इकडे आजीच्या मोळीवर डोळा.

कोणी आलं तर हाकलू नका, चहा पाजा. कागद मराठीत मागा. मग गावात अभ्यास गट बसवा, जसा मेंढ्यात बसतो. महिनाभर लागला तर लागू द्या, कार्बन काही उडून जात नाही. निर्णय अध्यक्षाचा नाही, ग्रामसभेचा. त्यासाठी निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. सरपण, मोह, चराई, निस्तार याला हात लागणार नाही हे पहिल्या पानावर लिहून घ्या. मोजणी कोण करणार, पैसा कोणत्या खात्यात येणार, गावाला मधेच सोडता येईल काय, हेही लिहून घ्या.

ज्या गावात असा कागद आधीच आला आहे, त्यांनी त्याची झेरॉक्स संघटनेच्या कार्यालयात आणून द्यावी. सही झाली असेल तरी आणा, लाजू नका. आणि ज्यांचा सामूहिक दावा अजून भरलाच नाही, त्यांनी नकाशा, निस्तारपत्रक अन् म्हाताऱ्यांचे जबाब घेऊन यावं. ते काम आधी करू.