वालाची पोपटी

भात कापून झाल्यावर ओलीवर पेरलेल्या वालाला शेंगा भरल्या, की महाड-पोलादपुराकडे पोपटीचे दिवस येतात. भांबुर्ड्याचा उग्र वास तुमच्या ओळखीचा आहेच. तोच पाला मडक्यात तळाला व कडेने जाड लावा. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, गोडीला रताळी, आणि थराथरात ओवा व जाडे मीठ. कोंबडी घालायची तर लहान तुकडे मसाला चोळून केळीच्या पानात बांधून मधोमध ठेवा. पाणी नको, तेलही नको. वाफेतच सारे शिजते. तोंड पाल्याने गच्च बुजवून मडके उपडे ठेवा, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडा. थेंब चर्र करून लगेच उडाला, की झाली. तरी कोंबडी हाडापाशी लाल दिसली, तर पुन्हा निखाऱ्यावर ठेवा.

दोन गोष्टींत हयगय नको. फवारलेल्या वालाच्या शेंगा औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय तोडू नका. नुसत्या धुण्याने विष जाईल या भरवशावर राहू नका. आणि जाळ उडवीपासून चांगला लांब, वारा पाहूनच करा. पाण्याची भरली कळशी जवळ हवी.

मुलांना हल्ली बर्गर हवा असतो. हरकत काय? पोपटीतला बटाटा व वालाचे दाणे कुस्करून जाड टिक्की थापा, केळीच्या पानात गुंडाळून उरल्या निखाऱ्यावर भाजा. तांदळाच्या भाकरीत घालून आमसूल-गुळाच्या चटणीशी द्या. गूळ जरा सढळ. भाकरी मात्र ताजी घ्या, शिळी दुमडताना मोडते.