पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे?

परीक्षेचा फॉर्म असो की शिष्यवृत्तीचा, आमच्या राजापुरात हे नेहमीचेच. मुलाचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांचे फोटो थेट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. नको म्हटले तर उत्तर ठरलेले, “मॅडम, सगळी आपलीच तर माणसं आहेत!”

बरे, कागद शाळेत पोचले म्हणजे काळजी मिटली असेही नाही. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर आधी शाळेच्या लॉगिनमधून तपासला जाई, मग जिल्ह्याच्या. केंद्र सरकारने १५७२ संस्थांची तपासणी करवली तेव्हा ८३० संस्था बोगस किंवा बंद निघाल्या. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत १४४ कोटींहून अधिक रुपये असे गेले. २०२३ मध्ये प्रकरण सीबीआयकडे सोपवले गेले. गरीब घरच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा पैसा होता तो. नंतर संस्थाप्रमुखांची बायोमेट्रिक पडताळणी सुरू झाली.

पण अंगठा एकदाच लागतो, पासवर्ड रोज. एका शाळेच्या ऑफिसात तो कपाटाच्या दारावर चिकटवलेला मी पाहिला आहे. शाळेचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन! हसले खरी, पण तेव्हा माझाही फारसा वेगळा नव्हता.

पुढच्या पालकसभेत विचारा: पोर्टलचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे? क्लार्कची बदली झाल्यावर तो बदलला का? ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? आणि खात्यातून पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. कागदांची झेरॉक्स मात्र वर्गशिक्षकांच्या हातातच द्या.