मत तुमचं, आठवडे तिचे

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातील सर्व जिल्हा शल्यचिकित्सक आणि रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक यांस



गर्भपात योग्य की अयोग्य याबद्दल तुमचं मत काय, हे विचारायला मी हे पत्र लिहीत नाही. तुमचं काही एक मत असणारच. आमच्या एका घरात तीन मतं आहेत. सासूबाईंच्या लेखी दिवस राहिले की पोटात जीव आला, आणि तो पाडणं हे पाप. नणंद स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ती एमटीपी, म्हणजे वैद्यकीय गर्भपात, करते आणि त्याबद्दल तिच्या मनात कसलाही किंतु नाही. मी या दोघींच्या मधे कुठंतरी आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत निर्णय सर्वस्वी बाईचा, असं मी मानते. पण पाचवा-सहावा महिना लागल्यावर पोटातल्या गर्भाचंही काही देणं लागतो असं मला वाटतं, आणि ही रेघ नेमकी कुठं ओढायची हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आमचे वाद झाले, अबोलेही झाले, पण एकीचंही मत बदललं नाही.

घरातलं सोडा. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात काय झालं ते आठवा. दोन मुलांची आई असलेली, बाळंतपणानंतरच्या नैराश्याशी झगडणारी एक 27 वर्षांची विवाहिता गर्भपाताची परवानगी मागत होती. न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठानं आधी परवानगी दिली. मग गर्भ जिवंत राहण्याची शक्यता डॉक्टरांनी कळवली, आणि त्याच दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. न्या. कोहलींची सदसद्विवेकबुद्धी परवानगी द्यायला तयार होईना, न्या. नागरत्नांनी त्या बाईचा निर्णय शिरोधार्य मानला. प्रकरण तीन न्यायमूर्तींकडे गेलं आणि 16 ऑक्टोबरला परवानगी नाकारली गेली. तोवर 26 आठवडे उलटून गेले होते. एकाच पीठावर बसलेल्या, तीच कागदपत्रं वाचलेल्या दोन विदुषींचं जिथं एकमत होत नाही, तिथं तुमच्या तालुका रुग्णालयातल्या डॉक्टर, सिस्टर आणि आया यांचं व्हावं अशी अपेक्षा मी करत नाही.

असं एकमत होणार नाही हे ओळखूनच गर्भपाताचा कायदा झाला, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. 1964 मध्ये केंद्रानं या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. मंत्रिमहोदय, म्हणजे तुमचेच पूर्वसूरी. गर्भाचा जीव केव्हा सुरू होतो याचा निवाडा त्या समितीच्या कामातून निघालेल्या 1971 च्या कायद्यानं केला नाही. कोणत्या आठवड्यापर्यंत, कोणत्या कारणांसाठी आणि कोणाच्या वैद्यकीय मतानं, एवढंच त्यानं ठरवलं. 2021 च्या दुरुस्तीनं त्यात भर घातली: 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, काही विशिष्ट गटांतल्या स्त्रियांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोघांचं, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढे वैद्यकीय मंडळाचं. गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कारणात आधी फक्त विवाहित स्त्री आणि तिचा पती होता. तिथं आता स्त्री आणि तिचा जोडीदार आहे. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती द्यावी लागते. तिची ओळख उघड करणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. कायदा डॉक्टरांचं मत मागतो हे खरं, पण ते वैद्यकीय मत. पापपुण्याचं नव्हे.

आता प्रत्यक्षात काय चालतं ते सांगते. ओळखीतल्या एका बाईबरोबर मी एका रुग्णालयात गेले होते. दोन मुलं पदरात, तिसऱ्यांदा दिवस गेलेले, नवरा कामासाठी परराज्यात. खिडकीशी बसलेल्या सिस्टरनं केसपेपरवरून नजर न उचलता विचारलं, "पिशवी खाली करायचीय? मिस्टर कुठायत?" मागं रांग उभी. नवरा गावात नाही म्हटल्यावर, "मग सासूला आणा. सही लागते." सही लागत नाही, असं मी म्हणाले. त्यावर उत्तर आलं, "उद्या काही झालं तर आम्ही निस्तरायचं का? मंगळवारी मॅडम असतात, तेव्हा या." मंगळवारी मॅडम रजेवर होत्या. पुढच्या वेळी सोनोग्राफी पुन्हा करून आणायला सांगितलं. या सगळ्यात तिला "हे पाप आहे, आम्ही करणार नाही" असं कुणीही म्हणालं नाही.

माझी तक्रार नेमकी इथं आहे. आपल्या रुग्णालयांत नैतिक मतभेद उघडपणे बोलले जात नाहीत. कोणी मत सांगत नाही, सगळे तारीख देतात. बेड नाही, भूल देणारे डॉक्टर नाहीत, नवऱ्याला घेऊन या, पुढच्या आठवड्यात बघू. आणि या कायद्यात आठवडा म्हणजे सर्वस्व आहे. नवव्या आठवड्यापर्यंत जे काम गोळ्यांवर भागतं, त्याला पुढं क्युरेटिंग किंवा व्हॅक्यूम लागतं. 20 आठवडे ओलांडले की दोन डॉक्टर, 24 ओलांडले की मंडळ नाहीतर कोर्ट. तुमच्या माणसांनी दिलेल्या प्रत्येक तारखेनं बाई पुढच्या, अधिक अवघड पायरीवर ढकलली जाते. गंमत म्हणजे, ज्यांना गर्भपात मनातून पटत नाही त्यांच्याच टाळाटाळीमुळे तो उशिरा होतो, आणि उशिराचा गर्भपात तर त्यांना जास्तच खुपतो.

न पटणाऱ्यांची बाजूही मला मांडायची आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या एमटीपीनंतर ट्रे उचलणाऱ्या आयाला, रजिस्टरात गर्भाचे आठवडे लिहिणाऱ्या सिस्टरला, श्रद्धेनं जैन किंवा कॅथलिक असलेल्या निवासी डॉक्टरला काय वाटतं, हे कुणी विचारत नाही. केवळ धार्मिक कारणावरून, वैद्यकीय गरज असताना, गर्भपात नाकारू नये असं 2002 ची वैद्यकीय आचारसंहिता डॉक्टरांना सांगते. नियम स्पष्ट आहे. पण त्यामुळे नकार थांबत नाही, तो फक्त रजेच्या अर्जाआड लपतो. त्यापेक्षा ज्याला हे काम नको त्यानं तसं आधीच सांगावं, आणि रुग्णालयानं ड्यूटी लावतानाच तिथं दुसरा डॉक्टर ठेवावा. नको म्हणण्याची मोकळीक डॉक्टरला मिळो, पण तिची किंमत रांगेतल्या बाईनं मोजता कामा नये. जिवाशी गाठ असेल तेव्हा तर ही मोकळीक कोणालाच असू नये.

ही गाठ कशी असते, ते बेळगावकरांना ठाऊक आहे. तिथली दंतवैद्य सविता हलप्पनवार 2012 साली आयर्लंडमधल्या गॉलवे इथं 17 आठवड्यांची गरोदर असताना रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नव्हता. तिनं गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके सुरू आहेत म्हणून डॉक्टर थांबले. जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि 28 ऑक्टोबरला ती गेली. तिच्या मृत्यूनं तो कॅथलिक देश ढवळून निघाला. मे 2018 च्या सार्वमतात 66 टक्क्यांहून अधिक मतदारांनी घटनेतली बंदी उठवली. नंतर तिथं जो कायदा झाला, त्यात डॉक्टरला विवेकबुद्धीला स्मरून नकार देता येतो. मात्र रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवण्याची व्यवस्था त्यालाच करावी लागते, आणि तातडीच्या प्रसंगी नकाराची मुभा नाही. आयर्लंडमधली मतं काही एक झाली नाहीत. मतभेदांसकट काम कसं चालवायचं, एवढं त्यांनी ठरवलं.

आणखी एक घोळ तुमच्याच खात्यानं निस्तरायला हवा. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सगळ्यांत आधी, 1988 साली, कायदा केला तो महाराष्ट्रानं. त्याची गरज होती आणि आहे. 2001 मध्ये राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894 उरल्या. बीड जिल्ह्यात 807. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला 2017 मध्ये ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले, ते कोण विसरेल? पण गुन्हा आहे तो लिंग तपासून मुलगी पाडण्याचा. ते थांबवण्याच्या धाकात गर्भपात म्हणजेच गुन्हा, अशी समजूत गावोगाव पसरली. औषध दुकानदारांनी तपासण्यांच्या भीतीनं गर्भपाताच्या गोळ्या ठेवणं सोडलं. नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीत लिंग कळतच नाही, तरी त्याच टप्प्यावरच्या बाईकडे संशयानं पाहिलं जातं.

1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा दारी आलेल्या गरोदर विधवेला तिच्या वर्तनाचा जाब विचारला नाही. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी सुरतेच्या विधवा विजयालक्ष्मीच्या बालहत्येच्या खटल्यावरून सगळा दोष बाईच्या माथी मारणाऱ्या समाजाला फैलावर घेतलं. त्या महाराष्ट्रात आजही बाईला नवऱ्याची सही आणायला परत पाठवतात, हे शोभत नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक सरकारी आणि मान्यताप्राप्त खाजगी केंद्रात दर्शनी भागी मराठीत फलक लावा: सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची सही लागते. ज्या डॉक्टरांना हे काम करायचं नाही त्यांनी तसं अधीक्षकांना लेखी कळवावं. त्यांच्या जागी कोण, हे ड्यूटीच्या तक्त्यातच ठरलेलं असावं, आणि बाईला त्याच दिवशी तिकडे पाठवावं. गर्भलिंग निदानाच्या फलकांवर, कायद्यानं दिलेला सुरक्षित गर्भपात गुन्हा नाही, ही ओळ घाला. वैद्यकीय मंडळानं तीन दिवसांत निर्णय द्यावा असा नियम आहे. तो किती वेळा पाळला गेला याचे आकडे, नावं वगळून, दर तिमाहीला जाहीर करा.

यातल्या कशानंही सासूबाईंना मत बदलावं लागणार नाही, नणंदेला नाही, मला नाही आणि तुम्हालाही नाही. सहीची सक्ती थांबवणाऱ्या परिपत्रकासाठी कायदा बदलावा लागत नाही, दिल्लीला जावं लागत नाही. ते याच महिन्यात काढा.

कळावे,
आपली,
एक नागरिक, पुणे